माझ्या वाटणीचं पाकीट

मे महिन्यातला पहिला रविवार. सकाळचे नऊ वाजायच्या आतच गच्चीची लादी तापली होती आणि मी टाकीच्या सावलीत जवळा निवडत बसले होते. उत्तनची एक कोळीण दरवर्षी या दिवसांत आमच्याकडे येते. तिच्याकडून सुका जवळा, बोंबील आणि थोडी वाकटी घ्यायची, कडकडीत ऊन दाखवायचं आणि डबे भरून ठेवायचे. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की हे डबे उघडतात. बोंबलांना काही करावं लागत नाही. जवळ्यात मात्र शिंपल्यांचे तुकडे असतात, एवढ्याएवढ्या खेकड्यांच्या नांग्या असतात, जाळ्याचे धागे असतात. सुपात घेऊन पाखडायचा आणि मग बोटांनी वेचायचा. कंटाळवाणं काम आहे, पण त्या दिवसांत मला असंच काम हवं होतं. बोटं रिकामी राहिली की सिगारेट मागत.

मी सिगारेट ओढते हे, जुन्या नोकरीतल्या दोघी-तिघी सोडल्या तर, माझ्या समजुतीप्रमाणे तेव्हा जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक माझा नवरा आणि दुसरे मीरा रोडचे छातीचे डॉक्टर. मुलीला लहानपणी घरात वास यायचा, पण तो बाबांचा असं ती धरून चालायची. आता ती बंगळूरला असते. सासू शेवटपर्यंत मशेरी लावत होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण गोडदेवातल्या जुन्या आगरी घरातली सून सिगारेट ओढते म्हटलं असतं तर लोक बघायला आले असते.

सवय नोकरीत लागली. लग्नाआधी मी विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत होते. रात्रपाळीला आम्ही दोघी-तिघी बायका असायचो. गोदामाच्या मागे खोक्यांच्या आडोशाला उभं राहून पहिली ओढली, ती थंडी होती म्हणून. थंडी गेली, सिगारेट राहिली. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात नवऱ्याने मला याच गच्चीवर पकडलं. मी घाबरले होते. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काडी आहे का गं? माझी खाली राहिली."

तेव्हापासून टाकीमागची जागा आमची. घर एकमजली आहे, सासऱ्यांनी मिठागराचं काम सुटल्यावर बांधलेलं, आणि आता चारी बाजूंनी सात-सात मजल्यांच्या इमारती गच्चीत डोकावत उभ्या आहेत. फक्त टाकीच्या मागे कुठल्याच खिडकीची नजर पोचत नाही. नवऱ्याने तिथे दोन प्लास्टिकची स्टुलं आणून ठेवली. संध्याकाळी तो हार्डवेअरचं दुकान नोकरावर सोपवून तासाभरासाठी घरी यायचा आणि आम्ही तिथे बसायचो. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. टाकीमागे तू. भाडेकरूंची भांडणं, मुलीचं लग्न, त्याच्या भावांच्या जमिनीच्या कटकटी, सगळं तिथे बोलून झालं. आमच्या संसारात प्रेमाची म्हणावी अशी जागा कुठली, असं कुणी विचारलं तर मी तीच दाखवली असती. तिथे अर्थातच कुणाला नेता आलं नसतं.

यंदा जानेवारीत खोकला लागला आणि गेला नाही. गच्चीचे जिने चढताना मधल्या वळणावर थांबावं लागायला लागलं. डॉक्टरांनी एका नळीत फुंकायला लावलं, पडद्यावरची रेघ बघितली आणि छातीचा फोटो उजेडात धरला.

"किती वर्षं ओढताय?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून हा प्रश्न कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. सांगून टाकलं.

"जे गेलंय ते परत येणार नाही," ते म्हणाले. "पण उरलंय ते पुष्कळ आहे. ते राखायचं असेल तर बंद करा. एकदम बंद केलीत तरी चालेल. नाही जमलं तर च्युइंगम मिळतं, पट्ट्या मिळतात, गोळ्या आहेत. कशाने सुटते ते महत्त्वाचं नाही. पण तीन-चार महिन्यांनी याल तेव्हा ओढत येऊ नका."

मी हे सगळं टाकीमागे नवऱ्याला सांगितलं. त्याने हातातली सिगारेट विझवली. मग म्हणाला, "दोघं सोडू. चैत्रात कार्ल्याला जायचंच आहे. आईसमोर सोडू. एकदम."

आई म्हणजे एकवीरा. आमच्या लोकांत एखादी गोष्ट सोडायची तर ती आईच्या पायरीवर सोडतात. कुणी दारू सोडतं, कुणी मटका, कुणी नवस फेडायला एखादी भाजी. सोडली म्हणजे सोडली. अर्धी सोडणं, हळूहळू सोडणं हा प्रकार त्यात नाही. पुढे पाडवा जवळ आला तेव्हा मी एकदा म्हटलं, डॉक्टर च्युइंगमचं म्हणत होते, ते घेऊन बघू या का?

तो हसला. "आईला काय सांगणार? सिगारेट सोडते, पण च्युइंगम खाते? काठीला धरून पोहायला शिकण्यासारखं आहे ते. मनाचा प्रश्न आहे गं."

मला पटलं. मी तशी देवभोळी नाही. पण काम करायचं तर एका फटक्यात करावं ही माझी पद्धत आहे. घर रंगवायचं तर सगळं, माळा काढायचा तर पूर्ण. शिवाय च्युइंगम आणणार कुठून? गोडदेवच्या प्रत्येक मेडिकलवाल्याला मी कुणाची सून ते ठाऊक आहे, आणि सगळ्यांत जवळचं मेडिकल तर नणंदेचंच.

चैत्रात सगळी भावकी टेम्पो ट्रॅव्हलर करून कार्ल्याला गेली. डोंगर चढताना माझा जीव घशाशी आला. नणंदेने माझी पिशवी घेतली, "वयनी, सावकाश, आई कुटं पलून जात न्हाय," म्हणाली. वर पोचल्यावर दर्शन झालं, आणि नवऱ्याने सगळ्यांसमोर खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून पायरीवर ठेवलं, कान धरले. भावकीतल्या पोरांनी आईचा उदो केला, मोबाइलवर चित्रण केलं. मी मागे बायकांत उभी होते. मी मनातच म्हटलं, आई, मीपण सोडते. माझं पाकीट पर्सच्या तळाला होतं. ते मी खाली आल्यावर पायथ्याच्या कचरापेटीत टाकलं, वर उसाच्या रसाचा कागदी ग्लास दाबून, दिसू नये म्हणून.

त्याची सुटली. माझी नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी एका भाडेकरूच्या बायकोला पाण्याच्या मोटरवरून इतकं बोलले की ती रडायला लागली. पाचव्या दिवशी मीरा रोडला गेले, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा टपरीवर. टपरीवाला म्हणाला, "साहब के लिए?" मी हो म्हटलं. पुन्हा थांबवली. पुन्हा तेच झालं. डोकं भरून यायचं, साधी भाजी चिरताना सुरीवर राग यायचा. आणि समोर नवरा शांत. रात्री घोरत झोपायचा, सकाळी वर्तमानपत्र वाचायचा. चिडचिड नाही, काही नाही. तोंडात सतत काहीतरी चघळायचा. बडीशेप, असं म्हणायचा. मी त्याला बडीशेप आणि ओवा भाजून डबी भरून देत होते, संपली की परत.

"तुला कसं जमलं?" मी एकदा विचारलं.

"आईसमोर बोललो ना," तो म्हणाला. "बोललीस ना तूपण?"

बोलले होते. आणि मोडलं होतं. ते मला किती लागलं होतं हे मी कुणालाच सांगितलं नाही. हळदीच्या कार्यक्रमांत पोरं त्याला घेरून बसायची. दादा, कशी सोडली सांगा ना. तो सांगायचा. मी भाकऱ्या थापणाऱ्या बायकांत बसून ऐकायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. माझ्यापेक्षा तो पक्का निघाला, एवढंच मनात यायचं. घरी आल्यावर मी ते त्याला म्हणूनही दाखवायचे.

तर त्या रविवारी मी जवळा निवडत होते आणि नणंद आली. ती नवऱ्याची धाकटी बहीण. दिलेली खारीत, म्हणजे दोन-तीन रस्ते ओलांडून. नवरा-बायको मिळून मेडिकल चालवतात, पण काउंटरवर बहुतेक वेळा तीच. तिच्यासाठी मी दरवर्षी थोडा जवळा काढून ठेवते. येताना ती एक सूप घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसून कामाला लागली.

"यंदा बारीक हाय जवला," ती म्हणाली.

"आधीच बोलले होते कोळणीला. म्हणते, दर्याला सांगा."

दोघी हसलो. मग तिने विचारलं, "तुजं कसं चाललंय?"

"काय कसं?"

"तेच. सुटली का तुजी पन?"

माझे हात थांबले. ती जवळ्यातून एक नांगी वेचून बाजूला टाकत होती. चेहऱ्यावर टोमणा नव्हता, काही नव्हतं. गुडघेदुखी कशी आहे असं विचारावं तसं विचारलं होतं.

"काय सुटली?" मी म्हटलं.

"अगो, मना म्हाईत हाय वयनी. लाजतेस कशाला? दादानं सांगितलेलं. शिमग्याच्या टायमाला आलेला दुकानात. बोलला, वयनीला डॉक्टरनं सिगारेट सोडाया सांगितलीय, तिच्यासाठी ते च्युइंगम दे. मी दिलं. मग आठ दिवसांनी परत आला, बोलला, मना पन दे. मग मी दोन-दोन द्यायला लागले. एक तुजं, एक त्याचं." ती सूप झटकत बोलत होती. "त्याला लागू पडलं बग. कार्ल्याला जायच्या आदीच दिवसाच्या सगल्या बंद केल्या त्यानं. आता परवा आला तवा मी विचारलं, वयनीची सुटली? तर बोलला, तिचं चाललंय. म्हटलं आज विचारू."

मी म्हटलं, "चाललंय."

दुसरं काय म्हणणार होते? तिच्यासमोर नवऱ्याची अब्रू काढायची मला सवय नाही, आणि तिला तर आपण काही फोडलंय हेही कळलं नव्हतं. मी जवळा निवडत राहिले. ती ऊन चढेपर्यंत बसली, तिचा वाटा पिशवीत भरून घेतला आणि जाताना जिन्यातून ओरडली, "च्युइंगम तोंडात मिरमिरलं तर घाबरू नको गो, तसंच असतं ते!"

ती गेल्यावर मी गोष्टी एकेक करून बघितल्या. मला रडू येत नाही सहसा, त्याही वेळी आलं नाही. त्याने च्युइंगम खाल्लं, ठीक आहे, औषध आहे, खाल्लं. पण मला म्हणाला मनाचा प्रश्न आहे. माझं गुपित इतकी वर्षं त्याने आणि मी मिळून सांभाळलं, ते माझ्या पाठीमागे काउंटरवर ठेवून आला. आणि माझ्या नावाने आणलेलं पाकीट माझ्यापर्यंत पोचलंच नाही. ते कुठे गेलं असेल हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. मी टपरीवर तोंड लपवून उभी होते तेव्हा माझ्या वाटणीचं पाकीट तो चघळत होता, आणि वरून माझी बडीशेप खात होता.

रविवारी दुकान अर्धा दिवस असतं. तो जेवायला आला. मी तांदळाची भाकरी वाढली, बोंबलाचं कालवण वाढलं आणि समोर बसले.

"च्युइंगम किती उरलंय?"

"कसलं च्युइंगम?"

"तुमच्या बहिणीच्या दुकानातलं."

घरात दुसरं कुणी नव्हतं आणि मी तुमच्या म्हटलं. हे त्याच्या लक्षात आलं. त्याने घास खाली ठेवला.

"ती बोलली?"

"तिला वाटलं मला माहीत आहे."

"औषध आहे ते," तो म्हणाला. "सिगारेट नाही ना. आईची शपथ मी मोडलेली नाही."

"शपथेचं मी विचारलं नाही. माझं पाकीट कुठंय?"

तो ताटातल्या भाकरीचे तुकडे करायला लागला. बाहेर कुणीतरी भंगारवाला हाका मारत गेला.

"आधी तुझ्यासाठीच आणलं होतं," तो म्हणाला. "खरंच सांगतो. मग दुकानात एक दिवस गर्दी होती, डोकं फिरलं होतं, एक चघळून बघितलं. बरं वाटलं. मग दुसरं घेतलं."

"आणि मला म्हणालात, आईला काय सांगणार."

"तोवर मी सुरू केलं होतं."

"मग मलाही द्यायचं होतं. दोघं खाल्लं असतं."

"तुझ्या हातात दिलं असतं तर तू विचारलं असतंस, कुठून आणलं, कुणाला सांगितलं. मग माझंही कळलं असतं. नंतर तर ते कार्ल्याचं झालं. पोरं चित्रण करून बसली. पाया पडायची तेवढी बाकी होती. त्यात सांगू, की मी च्युइंगम चघळतोय?"

"सगळ्यांना नको. मला."

"तुलाच तर कसं सांगणार?" तो एकदम म्हणाला. "तूच सगळ्यांत जास्त कौतुक करत होतीस."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी उठून कालवणाचं पातेलं झाकलं. तो म्हणाला, "आता देतो ना. दुकानात आहे गल्ल्यामागे. संध्याकाळी आणतो."

"तुमच्या गल्ल्यामागचं नको."

"अगं, ऐक तर..."

"जेवा. गार होतंय."

तो जेवला. पूर्ण जेवला, हेही सांगते. माणसं अशा वेळी ताट सारून उठतात असं नाही.

दुपारी तो आडवा झाला आणि मी भांडी आवरून स्वयंपाकघरातच बसले. सोडायची तर होतीच. डॉक्टरांकडे जायचे दिवस जवळ येत होते आणि जिना तर रोजचाच होता. प्रश्न एवढाच होता, की एकदम सोडायची का, कशाचाही आधार न घेता, जशी मी दोनदा सोडून बघितली होती.

पहिल्यांदा वाटलं, हो, एकदमच. आजपासून. कारण राग. सकाळपासून इतका राग होता की दुपारपर्यंत सिगारेटची आठवणसुद्धा झाली नव्हती. या रागावर चार-पाच दिवस सहज निघाले असते, आणि माझं घोडं नेमकं त्याच दिवसांत अडायचं. शिवाय दाखवून देण्याचा मोह होता. तू च्युइंगम खाऊन सोडलीस, मी तशीच सोडली. हे वाक्य मी मनात तीन-चार प्रकारांनी म्हणून बघितलं. फार छान लागत होतं.

पण मी माझ्या नवऱ्याला ओळखते. मला तसं जमलं असतं तर तो आठवड्याभराने म्हणाला असता, बघ, मी सांगत होतो ना, एकदम सोडली की सुटते. माझी सुटलेली सिगारेट त्याने स्वतःच्या खात्यात जमा केली असती, आणि हळदीत पोरांना सांगितलीही असती, नाव न घेता.

आणि रागाचं काय, राग उतरतो. तो दोन दिवस मऊ बोलेल, भाजी आणून टाकेल, मोटर दुरुस्त करून घेईल, आणि राग उतरेल. मग पुन्हा त्याने काही केलं की चढेल. म्हणजे माझं सोडणं त्याच्या वागण्यावर टांगलेलं राहील. ते नको होतं.

खरं सांगायचं तर एकदम सोडणं मला मुळात का पटलं होतं? कारण मला दिसत होतं, की त्याला जमलंय. माझ्यासमोर एक धडधाकट उदाहरण घोरत झोपत होतं. ते उदाहरण खोटं होतं. ते काढून घेतलं तर माझ्याकडे माझे दोन प्रयत्न उरत होते, आणि दोन्ही वेळा मी चार-पाच दिवसांत टपरीवर गेले होते. एखाद्याला तसं जमत असेल. डॉक्टरही म्हणालेच होते. मला जमलं नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती, आणि मी ती नापास झाल्यासारखी अंगाला लावून घेतली होती.

राहिली आई. तिचाही विचार केला, कारण ते डोक्यातून जात नव्हतं. मी तिला काय म्हटलं होतं? सोडते, एवढंच. कशी सोडतेस, हे तिने विचारलं नव्हतं. ते नवऱ्याने विचारलं होतं.

संध्याकाळी वर जवळा भरायला गेले. ऊन उतरलं होतं. डबे भरले, झाकणं लावली, आणि टाकीमागे बसून एक ओढली. हे सांगायला हवं, कारण फसवलं गेलं की माणूस लगेच शहाणं होतं असं नाही. दुसरं स्टूल रिकामं होतं. मी त्यावर डबे ठेवले. खालून त्याच्या पावलांचा आवाज आला, जिन्याच्या वळणापर्यंत, आणि थांबला. थोड्या वेळाने तो परत खाली गेला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी चहा केला, त्याला दिला, माझा घेतला. तो म्हणाला, "काय ठरवलंस?" मी म्हटलं, "डबा ओट्यावर आहे, विसरू नका." तो गेल्यावर साडी बदलली आणि चालत खारीला गेले.

नणंद नुकतंच शटर उघडून काउंटर पुसत होती. "वयनी! सकाली सकाली?"

"ते च्युइंगम दे," मी म्हटलं.

"दादा सोमवारी न्यायला येतो बोललेला, त्याच्याबरोबरच पाठवनार होते."

"त्याचं त्याला दे. माझं माझ्या हातात दे."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिला बरंच काही कळलं असावं. फळीवरून पाकीट काढलं आणि सवयीने वर्तमानपत्राचा कागद ओढून त्यात गुंडाळायला लागली, बायकांच्या पॅडचं पाकीट गुंडाळतात तसं.

"गुंडाळू नको," मी म्हटलं. "इथेच एक खाते."

"चहा घेतलास का आताच?"

"हो."

"मग जरा थांब. चहावर लागू पडत न्हाय. आनि चावत सुटू नको, हलूहलू चाव. तोंडात मिरमिरलं की गालात दाबून ठेव." हे ती मला त्याच आवाजात सांगत होती ज्या आवाजात बाकी गिऱ्हाइकांना सांगते. मला ते फार बरं वाटलं.

मी बाहेरच्या स्टुलावर पाकीट मांडीवर घेऊन बसले. एक मुलगा तापाची गोळी घेऊन गेला. कुणी बाई "भैया, वो मलम" म्हणून नणंदेच्या नवऱ्याशी हुज्जत घालत होती. मग गोडदेवातली आमच्या चुलत सासऱ्यांकडची म्हातारी आली, खोकल्याचं औषध घ्यायला. मला बघून थांबली.

"तू काय गो इथं? बरं न्हाय काय?"

"बरी आहे, काकी."

"मंग यो काय घेतलास?"

नणंद काउंटरमागून पटकन म्हणाली, "गॅसची गोली हाय काकी, पित्ताची."

"नाही काकी," मी म्हटलं. "मी सिगारेट सोडतेय. त्याचं औषध आहे."

म्हातारीने आधी माझ्याकडे बघितलं, मग नणंदेकडे, मग पाकिटाकडे. "तू? सिग्रेट?"

"हो. तीसेक वर्षं ओढली."

"आई गो," ती म्हणाली. मग काठी टेकत आल्या वाटेने निघाली. तिची खोकल्याची बाटली काउंटरवरच राहिली.

नणंदेने कपाळावर हात मारला. "वयनी! आता दुपारपावत अख्ख्या गोडदेवात होईल."

"होऊ दे."

"दादाला तरी सांगितलंस का?"

"त्याला कळेल दुकानात," मी म्हटलं. "कुणीतरी सांगेल."

चहा पिऊन पुरेसा वेळ झाला होता. मी पाकीट फोडलं आणि पहिलं च्युइंगम तोंडात टाकलं. चव वाईट होती.